मुलीच्या हुंड्यासाठी जमीन विकणारा बाप: रीजन्सी कथेत चालेल का?

शाईदौत
१८१३ मधली, म्हणजे इंग्लंडच्या रीजन्सी काळातली (राजाऐवजी युवराज कारभार पाहत होता तो काळ), दीर्घकथा लिहितेय. हॅम्पशायरमधलं जुनं घराणं, जमिनीचं उत्पन्न सालाना ३,००० पौंड. बाप सर एडवर्ड, बॅरोनेट (म्हणजे ‘सर’ हा वंशपरंपरेचा किताब असलेला). तीन मुली, मुलगा नाही. थोरलीच्या हुंड्यासाठी तो निम्मी जमीन विकतो आणि वारस पुतण्याशी वाजतं. वाचणारे म्हणतात, त्याला विकताच येणार नाही. का? मालक तोच ना?

जुना दस्त
तिथेच गोम आहे. अशी जमीन बहुधा ‘स्ट्रिक्ट सेटलमेंट’मध्ये बांधलेली असे. बापाला हयातीपुरता उपभोग, पुढे हक्क थोरल्या मुलाचा. तो नसेल तर दस्तात नेमलेल्या पुढच्या पुरुषाचा. मात्र ही गाठ दर पिढीला नव्याने मारावी लागे. मुलगा २१ चा झाला की बापलेक ‘कॉमन रिकव्हरी’ नावाचा लुटुपुटीचा दावा चालवून जुनं बंधन मोडत आणि लगेच नवा दस्त करत. मुलाला तेव्हापासून रोख नेमणूक (खर्चासाठी ठरलेली सालाना रक्कम) सुरू होई. बदल्यात तोही हयातीपुरताच धनी उरे. खिसा रिकामा असलेला पोरगा सही करायचाच! (दाव्याचं हे नाटक १८३३ च्या कायद्याने बंद झालं.)

जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ कादंबरीतले मिस्टर बेनेट मुलाची आस धरून बसतात ते यासाठीच. तुमच्या कथेत पुतण्या सज्ञान असेल आणि राजी झाला, तरच जमीन सुटेल. तो कशाला राजी होईल?

मायकेलमस
हुंडा मात्र अडत नाही. मुलींचा वाटा (‘पोर्शन’) आईबापांच्या लग्नाच्या दस्तातच ठरलेला असे. समजा तिघींचे मिळून १०,००० पौंड. ते जमीन गहाण टाकून उभे करायचे. कायद्याने व्याज ५ टक्क्यांपर्यंतच, म्हणजे सालाना ५०० पौंड, आणि बापामागे ते भरणार पुतण्या. शिवाय विधवा काकूची ठरलेली नेमणूक. भांडायला एवढं पुरे. दोन-तीन पिढ्यांची अशी ओझी साचली की घराणं नावालाच श्रीमंत उरे.

कुळांचा खंड सहसा २५ मार्च आणि २९ सप्टेंबरला येई. रोकडीची ओढाताण दाखवायची तर प्रसंग फेब्रुवारीत घ्या.

काळी शाई
तीन बारीक गोष्टी. इंग्रजीत ‘नेफ्यू’ दोन्हीकडचा. तुम्हाला पुतण्याच हवा, भाचा नको. बॅरोनेटकी सहसा पुरुषवंशानेच जाते, बहिणीच्या मुलाला मिळत नाही. हाक ‘सर एडवर्ड’. ‘सर’पुढे नुसतं आडनाव कधीच नाही, पण बायको ‘लेडी’ अधिक आडनाव. आणि मिळकतीला ‘जहागीर’ म्हणू नका, चाकरीबद्दल सरकारने नेमून दिलेला महसूल नव्हे हा. ‘वाडा’ही खटकतो: वाडा आतल्या चौकाकडे तोंड करून बसतो, ही घरं बाहेरच्या हिरवळीकडे.

शाईदौत
मग विक्री काढते, गहाणखत घालते. पुतण्याचं वय २० केलं तर?

जुना दस्त
तर २१ वा वाढदिवस होईतो नव्या दस्तावर त्याची सही कुचकामी. तोवर सर एडवर्डना जिवंत ठेवा म्हणजे झालं.