घाईतली इलेक्ट्रिक तपासणी: अर्धी तपासायची आणि सही पूर्ण कामाची करायची का?

अर्थिंगवाला
भाड्याच्या घरांची इलेक्ट्रिक तपासणी हे माझं रोजचं काम आहे. डीबी (सगळी सर्किटं जिथून निघतात तो स्विचांचा डबा) उघडायचा, सर्किटं बंद करून मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावायचा, परत चालू करून लूप (फेजमधून निघून अर्थने परत येण्याच्या वाटेचा रेझिस्टन्स) मोजायचा, आरसीसीबी (गेलेला आणि परत आलेला करंट सारखा नसला की लाईन तोडणारा स्विच) किती मिलिसेकंदात पडतो ते बघायचं आणि शेवटी सही. नीट करायचं म्हटलं तर लहानशा घरालाही अर्धा दिवस सहज जातो. पण काम देणाऱ्या एजन्सीचं वेळापत्रक बघितलं तर एका दिवसात इतकी घरं लावलेली असतात की जिने चढण्या-उतरण्यातच निम्मा वेळ जावा. मग होतं काय, लोक डीबीचं झाकण काढतात, फोटो मारतात, दोन सॉकेटमध्ये तीन दिव्यांचा टेस्टर खुपसतात, दिवे बरोबर लागले की झालं, आणि रिपोर्टमध्ये मात्र प्रत्येक सर्किटपुढे आकडे भरलेले!!

माझं मत सरळ आहे. वेळ कमी मिळाला तर कमी तपासा, पण कागदावरही तेवढंच येऊ द्या. जे सर्किट बंद करू दिलं नाही तिथे "बंद करू दिलं नाही, मेगर लावला नाही" असं लिहा आणि मग सही करा. विरोधात असाल तर तेही बोला, फक्त कधीतरी डीबी उघडून बघितलेल्या माणसासारखं बोला एवढीच विनंती.

घर_देणे_आहे
मी घरमालक आहे त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितोय. तुमचं म्हणणं ऐकायला छान आहे हो, पण मी पैसे देतो ते "घर सुरक्षित आहे" या उत्तरासाठी. रिपोर्टमध्ये निम्म्या ओळींपुढे "तपासलं नाही" असेल तर मी त्या कागदाचं करू काय? भाडेकरूला दाखवला तर तो घाबरणार, विमावाल्याला दाखवला तर तो फाटे फोडणार, आणि परत तुम्हालाच बोलवायचं म्हणजे परत पैसे. काम पूर्ण करा नाहीतर घेऊच नका, हे मधलंच काय काढलंय?

किल्ली_कुठेय
भाडेकरूची बाजू पण ऐका जरा. न सांगता दारात दोन माणसं येऊन उभी राहतात आणि म्हणतात लाईट बंद करतो, तेव्हा माझी मीटिंग चालू असते, फ्रीजमध्ये आईची औषधं असतात, आणि ते सांगतात "पाचच मिनिटं". मी नाही म्हटलं की मीच अडवणूक करणारी. आदल्या आठवड्यात एक फोन केला असता तर मीच सगळं आवरून, सॉकेटसमोरचं कपाट सरकवून ठेवलं असतं ना. वेळ नाही वेळ नाही म्हणून जे रडगाणं चाललंय त्यातला निम्मा वेळ तर न कळवता आल्यामुळे जातो.

रात्रपाळी
मीही याच धंद्यात आहे आणि धागाकर्त्याशी असहमत. जीव घेणारे बहुतेक दोष डोळ्यांनी दिसतात राव. डीबीत अर्थची तारच नाही, अडीच स्क्वेअर मिलिमीटरच्या वायरवर तिला न झेपणारा ३२ अँपिअरचा एमसीबी (करंट फार वाढला की पडणारा स्विच) ठोकलाय, न्यूट्रल बारवर (परतीच्या तारा जोडायच्या पट्टीवर) काळे डाग पडलेत, बाथरूममध्ये टेपने गुंडाळलेला जोड लोंबतोय. यासाठी अर्धा दिवस लागत नाही, अनुभवी नजर लागते. त्या मेगरच्या आकड्यांचं कौतुक आम्हाला सांगू नका. ५०० व्होल्ट डीसी सोडून १ मेगाओहमच्या वर आलं की पास, आणि वायर धड असेल तर दहापैकी नऊ घरांत आकडा त्याच्या कितीतरी वरच येतो. दुसरं म्हणजे मी नाही म्हटलं तर ते घर उद्या असल्याकडे जाणार जो झाकणही उघडत नाही. मग भाडेकरूचं भलं कशात झालं?

अर्थिंगवाला
@रात्रपाळी, नजर लागते हे मान्यच. पण नजरेला न दिसणारं एक सांगतो. जुन्या घरात नंतर कोणीतरी तीन पिनचे सॉकेट बसवतो, मागे अर्थची तार आलेलीच नसते, मग तो न्यूट्रलच्या टर्मिनलपासून अर्थच्या टर्मिनलला बोटभर वायरचा तुकडा जोडून देतो. समोरून सॉकेट नवाकोरा. तीन दिव्यांचा टेस्टर "सगळं बरोबर" दाखवतो, लूप मोजला तर आकडा उलट झकास येतो कारण करंट न्यूट्रलनेच परत जातोय. डीबीवरून मेगर लावला तरी सापडत नाही, अर्थची तार तिथवर गेलेलीच नाही तर दिसणार काय. आता मागे कुठेतरी न्यूट्रलचा जोड सुटला की त्या सॉकेटवरच्या वॉशिंग मशीनची बॉडी करंट मारायला लागते.

हे सापडतं कसं? सॉकेट खोलून, किंवा त्याच सॉकेटवर आरसीसीबीचा टेस्टर लावून. ३० मिलिअँपिअर सोडले की आरसीसीबी पडायला हवा, इथे तो ढिम्म बसून राहतो, कारण गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला, त्याला फरक दिसलाच नाही. डीबीजवळच्या सॉकेटवर मात्र पटकन पडतो. म्हणजे टेस्ट एका सॉकेटवर करून बाकीच्यांचे आकडे छापणाऱ्याला हे जन्मात सापडणार नाही.

उंटावरचा_शहाणा
बाहेरच्या माणसाचा प्रश्न. सगळीकडे आरसीसीबी बसवून टाकला, महिन्याला ते टेस्टचं बटण दाबलं, तर या तपासण्यांची कटकट हवीच कशाला? बटण दाबलं की पडतो म्हणजे चालू आहे ना?

पाना_पक्कड
@उंटावरचा_शहाणा बटण दाबा, जरूर दाबा, वर्षानुवर्षं न हललेला आरसीसीबी आतून अडकून बसतो. पण ते बटण आतल्याच एका रेझिस्टरमधून थोडा करंट फिरवतं, त्यातून यंत्र हलतं एवढंच कळतं. घरात अर्थिंग आहे की नाही याच्याशी बटणाचा संबंध नाही, अर्थची तार मुळापासून कापली तरी बटणावर तो पडणारच.

आणि आरसीसीबीला सैल जोड दिसत नाही. गिझरच्या सॉकेटमागे स्क्रू ढिला आहे, तिथे समजा ०.१ ओहमचा रेझिस्टन्स आलाय, आणि १५ अँपिअर वाहतायत. १५ चा वर्ग २२५, गुणिले ०.१, झाले साडेबावीस वॅट, म्हणजे भिंतीतल्या प्लास्टिकच्या डबीत एक छोटी सोल्डरिंग आयर्न रोज चालू ठेवल्यासारखं. करंट जमिनीत जात नाही म्हणून आरसीसीबी गप्प, १५ च्या वर जात नाही म्हणून एमसीबी गप्प. टर्मिनल आवळूनच बघायला लागतं, दुसरा उपाय नाही. आगी बऱ्याचदा अशाच लागतात आणि नंतर म्हणतात शॉर्ट सर्किट झालं.

उलट बाजू पण आहे. जिथे अर्थिंग म्हणजे नुसता जमिनीत ठोकलेला रॉड आहे आणि त्याचा रेझिस्टन्स २० ओहम आहे, तिथे फेज बॉडीला लागला तर २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअर वाहणार. १६ चा एमसीबी त्यावर जागचाही हलत नाही. सी टाइपचा (सुरू होतानाचा मोठा करंट सोसणारा) १६ चा एमसीबी झटक्यात नक्की पडायला १६० अँपिअर लागतात, म्हणजे लूप साधारण १.४ ओहमच्या आत हवा. तसल्या घरात आरसीसीबी नसेल तर बॉडी तशीच जिवंत राहते. घरात यातलं काय आहे हे मोजल्याशिवाय कसं कळणार? म्हणून मी तरी धागाकर्त्याच्या बाजूने.

रात्रपाळी
गणित आम्हालाही येतं हो. प्रश्न असा आहे की हातात दीडच तास असेल तर काय करायचं? मी सांगतो मी काय करतो. आधी मेन बंद करून डीबी, सगळी टर्मिनलं आवळून बघायची, अर्थची मेन तार कुठे जाते ते शोधायचं. मग पाण्याजवळचे पॉइंट, मग जड लोडचे सॉकेट, तिथे आरसीसीबी आणि लूप. बेडरूममधल्या दिव्याच्या सर्किटचा मेगर सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर. आणि तो उरला नाही तर मला झोप लागते, कारण जिथे माणूस मरतो त्या जागा मी बघितल्यात. तुमच्यासारखं पहिल्या सर्किटपासून ओळीने जात बसलो तर किचनला पोचेपर्यंत भाडेकरू दार दाखवतो.

अर्थिंगवाला
क्रम तुझाच बरोबर आहे, मीही तसाच जातो, त्यावर भांडण नाहीच. भांडण एवढंच की त्या दिव्याच्या सर्किटपुढे तू रिपोर्टमध्ये काय लिहितोस?

रात्रपाळी
एजन्सीचं सॉफ्टवेअर रकाना रिकामा असेल तर रिपोर्ट पुढे जाऊच देत नाही. आकडा टाकावा लागतो. आता बोला.

पाना_पक्कड
वा. म्हणजे आकडा कुठून येतो ते कळलं.
असले रिपोर्ट ओळखू येतात बरं का. घरातल्या सगळ्या सॉकेटचा लूप दुसऱ्या दशांशापर्यंत सारखा. अरे अडीच स्क्वेअरच्या तांब्याचा मीटरला साधारण साडेसात मिलिओहम रेझिस्टन्स असतो, डीबीपासून वीस मीटर वायर गेली तर जाऊन-येऊन चाळीस मीटर, म्हणजे ०.३ ओहम तरी वाढायलाच हवा. डीबीशेजारचा आणि टोकाचा सॉकेट सारखाच कसा? मालकांनो, आकडे पुरेसे लहान आहेत का ते नंतर बघा, आधी ते एकमेकांपेक्षा वेगळे आहेत का ते बघा.

वेळापत्रक
मी अशा एजन्सीत कामं लावतो म्हणून बोलतो, मला खलनायक करू नका. "तपासलं नाही" लिहायची मोकळीक आम्ही एकदा देऊन बघितली. प्रामाणिक माणसं दोन ओळी लिहायची, आळशी माणसं अख्खं घर त्यातच घालायची. कपाट होतं, कुत्रं होतं, भाडेकरू नको म्हणाला. दर्जा सुधारला नाही, उलट पळवाट मिळाली. म्हणून सक्ती केली. रकाना सक्तीचा केल्यावर खोटे आकडे येतात हे दिसतंय मला, पण धागाकर्त्याच्या उपायाने आळशी माणूस सुधारत नाही, फक्त तो कायदेशीररीत्या आळशी होतो.

अर्थिंगवाला
हा मुद्दा जड आहे, उडवून लावत नाही. पण दोन्हीत फरक बघा. "कपाट होतं" असं खोटं लिहिलं तर मालक कपाट बघून पकडू शकतो. खोटा आकडा लिहिला तर मालकाला वाटतं मोजलंय, आणि पुढच्या तपासणीपर्यंत कोणी तिकडे फिरकत नाही. पहिल्यात भोक दिसतं तरी, दुसऱ्यात त्यावर रंग मारलेला असतो. आणि पळवाट बंद करायची असेल तर सोबत तीन गोष्टी मागा, कारण काय, फोटो, आणि नको म्हणणाऱ्याचं नाव. आळशी माणसाला फोटो काढण्यापेक्षा मोजणं सोपं वाटेल.
नमुना म्हणून काही सॉकेटच खोलणार असाल तर कुठले खोलले तेही लिहा, म्हणजे पुढच्या वेळी दुसरे खोलता येतील. आणि त्यातल्या एकाच्या मागे जरी गडबड निघाली तर नमुना वगैरे विसरायचं, सगळे खोलायचे.

वेळापत्रक
फोटो आणि नाव हे करून बघण्यासारखं आहे. दिवसाची घरं कमी करायचं मात्र माझ्या हातात नाही, दर ठरवणारे वेगळे. स्वस्तातलं कोटेशन निवडणारे मालकच ना शेवटी?

घर_देणे_आहे
आला बाण माझ्यावर. मान्य, मी तीन कोटेशन मागवून सगळ्यात खालचं घेतो, कोण घेत नाही? पण मला आजपर्यंत कोणीच सांगितलं नाही की स्वस्तवाल्यात सॉकेट खोलत नाहीत. सगळ्यांच्या कोटेशनवर शब्द तेच, "संपूर्ण तपासणी". मग मी फरक करायचा कसा?

पाना_पक्कड
बोलवायच्या आधी फोनवर तीन प्रश्न विचारा. घरी किती वेळ थांबणार, किती वेळ लाईट बंद लागेल, सॉकेट खोलणार की नुसता प्लग लावणार. "लाईट बंद करायची गरजच नाही" म्हणाला तर समजा मेगर पेटीतून निघणार नाहीये.

किल्ली_कुठेय
आणि चौथा प्रश्न, भाडेकरूला कोण कळवणार. लाईट किती ते किती बंद हे आधी कळलं तर मी लॅपटॉप चार्ज करून ठेवीन, औषधं बर्फाच्या डब्यात टाकीन, कॉम्प्युटर-टीव्हीचे प्लगही काढून ठेवीन. शिवाय रिपोर्टची एक प्रत मलाही द्या की, त्या भिंतींत मी राहते.

रात्रपाळी
प्लग काढून ठेवणारा भाडेकरू भेटला तर माझा अर्धा तास वाचतो, हे मात्र खरंय. ५०० व्होल्ट सोडायच्या आधी घरभर फिरून चार्जर, राउटर, नाईट लॅम्प शोधण्यातच वेळ जातो, आणि एक राहून गेला की आकडा पडतो आणि परत शोधाशोध. पण रकान्याचं उत्तर मिळालं नाही अजून, @वेळापत्रक, सॉफ्टवेअरमध्ये "मोजलं नाही" हा पर्याय येणार आहे का? तो आला तर मी उद्यापासून खरं लिहितो, नाही आला तर मग आमच्या नावाने ओरडू नका.

वेळापत्रक
वर विचारतो. फोटोच्या अटीसकट.