'बेंच' मराठीत कसं लिहायचं? एकाच वाक्यात दोनदा आलंय

अनुवादिका_सांगली
नमस्कार. कायदेविषयक मजकुराचं मराठी भाषांतर करते आहे. त्यात 'अ डिव्हिजन बेंच ऑफ द औरंगाबाद बेंच' असं आलंय. सरळ लिहिलं तर 'औरंगाबाद खंडपीठाच्या खंडपीठाने' होतं, आणि वाचणाऱ्याला ती छपाईची चूक वाटेल. पुढे एका वकिलांबद्दल 'एलिव्हेटेड टु द बेंच' आहे. इकडे माझा भाऊ हिंजवडीत आयटीत आहे, तोही सध्या 'बेंचवर' आहे आणि घरात काळजी आहे. हे सगळं एकाच शब्दातून कसं निघतं?

निवृत्त_बेंचक्लार्क
ताई, जिल्हा न्यायालयात न्यायाधीशांच्या समोर खाली बसून बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, सांभाळण्यात माझी नोकरी गेली. माझ्या पदाच्या नावातच हा शब्द होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मूळ अर्थ लांब बाक, एवढाच. इंग्लंडात न्यायाधीश बाकावर बसत, त्यावरून न्यायालयालाच 'किंग्ज बेंच' म्हणू लागले. राणी गादीवर असली की ते 'क्वीन्स बेंच' होतं. 2022 मध्ये चार्ल्स राजा झाल्यावर पुन्हा 'किंग्ज बेंच' झालं. बाकावरून त्यावर बसणाऱ्यांना तेच नाव मिळालं. 'बार अँड बेंच' म्हणजे वकीलवर्ग आणि न्यायाधीशवर्ग. तुमच्या वाक्यातल्या वकिलांची न्यायाधीशपदी नियुक्ती झाली, इतकं साधं लिहा. 'पीठावर उन्नत झाले' असलं काही कृपा करून नको.

आता खंडपीठ. आपण मराठीत दोन वेगळ्या गोष्टींना हे एकच नाव दिलंय, आणि याचा त्रास मी रोज पाहिला आहे. नागपूर, औरंगाबाद, गोवा इथली खंडपीठं म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाची मुख्यालयाबाहेरची ठिकाणं. डिव्हिजन बेंच म्हणजे एकत्र बसलेले दोन न्यायाधीश. नागपूर खंडपीठात एकच न्यायाधीश प्रकरण ऐकत असतील तर ते तिथलं एकलपीठ. तीन किंवा अधिक बसले की पूर्णपीठ. सर्वोच्च न्यायालयात घटनेचा अर्थ लावण्याच्या महत्त्वाच्या प्रश्नाला किमान पाच लागतात, ते घटनापीठ. 1973 च्या केशवानंद भारती निकालाला तेरा होते. पक्षकाराला हा फरक कळणं गरजेचं असतं, कारण एकलपीठाच्या निकालावर पुढे अपील कुठे करायचं हे त्यावर ठरतं. 'खंडपीठाने फेटाळलं' एवढंच वाचून माणसं मुदत संपेपर्यंत थांबलेली मी पाहिली आहेत. म्हणून ठिकाणाला खंडपीठ राहू द्या आणि माणसांना 'द्विसदस्यीय पीठ' म्हणा.

भावाच्या बेंचबद्दल मला माहिती नाही, तरुणांनी सांगावं.

हिंजवडी_फेज२
मी सांगतो. तो अर्थ खेळातून आला. मैदानात न उतरलेले राखीव खेळाडू बाकावर बसतात, तसंच एक प्रोजेक्ट संपून दुसरं मिळेपर्यंत इंजिनिअर बेंचवर असतो. पगार चालू असतो, पण क्लायंटला बिल लावता येत नाही. म्हणजे जजसाहेब बेंचवर असले की काम सुरू, आणि आम्ही बेंचवर गेलो की काम बंद. ताई, भाऊ कामावरून काढलेला नाही, हे घरी नक्की सांगा. त्याला म्हणावं, रोज रिसोर्स मॅनेजरला विचारत राहा आणि या काळात एखादं सर्टिफिकेशन उरकून घे. भाषांतरात मात्र 'बेंचवर' असंच ठेवा, 'राखीव' लिहिलंत तर भलताच अर्थ निघेल.

वणीकर
आमच्याकडे उघड्या कोळसा खाणीत बेंच म्हणजे पायरी. खाण सरळ खड्ड्यासारखी खणत नाहीत, पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात. वरचे बेंच मातीचे-दगडाचे, खाली कोळशाचे. पावसाळ्यात बेंचची कड ढासळते, तेव्हा कडेजवळ डंपर नेत नाहीत. मराठी, हिंदी, तेलुगू, कुठलाही कामगार असो, शब्द बेंचच.

अनुवादिका_सांगली
सगळ्यांचे मनापासून आभार. वाक्य असं केलं : 'मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातील द्विसदस्यीय पीठाने'. काका, पुढच्याच परिच्छेदात कोल्हापूर आहे. तिथेही खंडपीठच लिहू ना?

निवृत्त_बेंचक्लार्क
वाक्य चोख झालं. कोल्हापूरला मात्र 'सर्किट बेंच' लिहा, म्हणजे उच्च न्यायालयाचं मुख्यालयाबाहेरचं, पण कायम न झालेलं पीठ. 18 ऑगस्ट 2025 ला तिथे काम सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. कायमचं खंडपीठ राष्ट्रपतींच्या आदेशाने होतं. सर्किट बेंच मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या संमतीने बसवतात. इथल्या वकिलांनी चाळीसहून अधिक वर्षं लढून हे मिळवलंय आणि कायम खंडपीठाची मागणी अजून उभी आहे. आत्ताच खंडपीठ लिहिलंत तर ती मागणी पूर्ण झाली असा अर्थ होईल.