पडका किल्ला आणि कॉर्फ

"पडक्या भिंतींसाठी तिकीट कशाला काढायचं, त्यापेक्षा विंडसर बघावं" असं काहींचं मत. विंडसर हा राजघराण्याचा धडधाकट किल्ला, त्याच्यापुरतं ते ठीक, पण इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातला कॉर्फचा किल्ला बघण्यासारखा आहे तो पडका आहे म्हणूनच. हा आपोआप ढासळलेला नाही, पाडलेला आहे. इंग्लंडच्या यादवी युद्धात (राजा विरुद्ध पार्लमेंट) किल्ल्याची मालकीण लेडी मेरी बँक्सने तो राजाच्या बाजूने लढवला. 1646 मध्ये आतूनच फितुरी झाली, किल्ला पार्लमेंटच्या फौजेच्या हाती गेला आणि पार्लमेंटने तो पुन्हा कुणाच्या कामी येऊ नये म्हणून सुरुंग लावले. (1818 नंतर आपल्या गडांच्या पायऱ्या उडवल्या, ती इंग्रजांची घरचीच सवय म्हणायची.) आतल्या दरवाज्यापाशी नीट बघा: कमानीची एक बाजू बुरुजासकट अख्खीच्या अख्खी खाली घसरून तशीच उभी आहे. दोन्ही अर्ध्या कमानी समोरासमोर, पण एक दुसरीपेक्षा खाली. खाली गावात फिरताना घरांचे दगड बघा, त्यातले बरेच किल्ल्याचेच.

गाडीने जाणार असाल तर नॉर्डन स्टेशनला लावा आणि तिथून स्वॉनेजकडे जाणारी वाफेची गाडी पकडून कॉर्फला उतरा. 1972 ला बंद पडलेली ही लाइन स्वयंसेवकांनी परत उभी केली. तिकीट काढायचंच नसेल तर पलीकडच्या वेस्ट हिलवर चढा, अख्खा किल्ला समोर दिसतो. चढ चांगलाच उभा आहे, पावसानंतर गवतावरून घसरायला होतं.