शब्दचर्चा (टोपणनावांनी चाललेल्या ऑनलाइन गप्पा) : ‘शांतीच्या मागे लाग’

कोलबाडकर :
परवाच्या उपासनेत बायबलचं ३४वं स्तोत्र वाचायची पाळी माझी होती. १४व्या वचनात आहे, ‘शांतीचा शोध कर व तिच्या मागे लाग.’ मी ‘मागे लाग’पाशी अडखळलो. आपल्याकडे कुत्रं मागे लागतं, साडेसाती लागते, वसुलीवाला लागतो. शांतीच्या मागे माणूस कसा लागेल? ‘शांतीसाठी झट’ बरं नव्हतं का? आणि दुसरं, बायबलमध्ये बहुतेक ठिकाणी शांती भेटते, आमच्या सोसायटीच्या फळ्यावर मात्र ‘शांतता राखा’. फरक काय?

तळटीप :
दोन्ही शब्द ‘शम्’ धातूचे. शमणे, निवणे. त्यामुळे मराठी कानाला दोन्हींत काहीतरी थांबल्याचंच ऐकू येतं. दिवा विझला म्हणायचं नसतं, शांत झाला म्हणायचं. ‘शांतता’ आता आवाजाशी आणि कायद्याशी जोडली गेली आहे : इस्पितळाभोवतीचं शांतता क्षेत्र, सणाआधी पोलीस ठाण्यात बसणारी शांतता समिती. ‘शांती’ मनाची, नाहीतर विधीची : वास्तुशांती, साठीशांती. आपल्या ठाणे शहरात चौकाचौकांतल्या फ्लेक्सवर ती फक्त मृतात्म्यांना लाभते, हे वेगळं सांगायला नको.

हिब्रूचा विद्यार्थी :
गोम इथेच आहे. त्या वचनात ‘शांती’साठी मूळ हिब्रू शब्द आहे ‘शालोम’. त्याचं मूळ थांबण्यात नाही, पुरं होण्यात आहे. त्याच धातूचं क्रियापद बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या २२व्या अध्यायात पुन्हा पुन्हा येतं, तिथे अर्थ होतो भरपाई करणे. दुसऱ्याच्या शेतात आपलं जनावर चरलं तर ‘शालेम’ करायचं, म्हणजे नुकसान भरून द्यायचं. आता ‘मागे लाग’. मूळ शब्द ‘रादाफ’. मिसरचा राजा फारो, त्याचं सैन्य इस्राएल लोकांच्या मागे लागलं, तिथे हाच शब्द. २३व्या स्तोत्रात चांगुलपणा आणि दया माणसाच्या मागे लागतात, तिथेही हाच. नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये तर आणखी मजा. पौलाच्या रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात आतिथ्याच्या मागे लागा (वचन १३) आणि तुमचा छळ करणाऱ्यांना आशीर्वाद द्या (वचन १४), या दोन्हींत क्रियापद एकच. तेव्हा मराठी भाषांतरात जो त्रासदायक सूर लागलाय तो चुकून नाही. ‘झट’मध्ये तो गेला असता.

वसईची लेक :
मला हिब्रू येत नाही, पण गळती येते. घोडबंदर रोडला आमच्या बाथरूमच्या छताला वरच्या घरातून पाणी यायचं. एकदा जोरदार वाजलं, मग चार महिने अबोला. लिफ्टमध्ये दोघी मोबाइलकडे बघायचो. शांतता एकदम कडक! पण रविवारी मिस्सात, म्हणजे चर्चच्या उपासनेत, एकमेकांना शांती देण्याच्या वेळी आजूबाजूच्या बायकांना हात जोडताना माझ्या डोळ्यांसमोर ती वरचीच यायची. शेवटी मी खेटे घालायला लागले. पहिल्यांदा तिने दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा तिचे सासरे म्हणाले, झोपलीय. तिसऱ्यांदा मी प्लंबरलाच घेऊन गेले. खर्च अर्धा अर्धा केला, माझ्या छताचा रंग तिने दिला. म्हणून तुमची ती ‘शालेम’ची भरपाई वाचून हसू आलं. आणि हो, मागे लागल्यावर आपण समोरच्याला नकोसे होतो, हा अर्थही सोडू नका. झालेच होते मी.

तळटीप :
पण काकी, याला मराठीत शब्द आहे : समेट. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या ५व्या अध्यायात दान वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करायला जायचं आहे. मग शांतीवर एवढा भार कशाला?

हिब्रूचा विद्यार्थी :
समेट एकदा होतो. त्यानंतर रोज जे चालू ठेवायचं त्याला तो शब्द पुरत नाही. पौलही रोमकरांस पत्रात ‘तुमच्याकडून होईल तितकं’ म्हणतो, म्हणजे समोरचं दार बंदच राहिलं तर तो दोष तुमच्या खात्यात नाही. जाता जाता : त्याच पत्राच्या १६व्या अध्यायात ‘सलाम सांगा’ची रांग लागली आहे. मूळ ग्रीक शब्द वेगळा, पण मराठीत आलेला हा अरबी सलाम शालोमचा सख्खा भाऊ. आपल्या जुन्या मंडळींच्या पत्रांत तो असायचाच.

मासुंदाकाठ :
‘शांतीचा पाठपुरावा कर’ कसं वाटतं? पाठ आहे, चिकाटी आहे, खेटेही आले.

वसईची लेक :
अर्थ अगदी चपखल. पण गटार झाकलं तरी ‘यांच्या अथक पाठपुराव्याने’ असं लिहितात हो.

कोलबाडकर :
तेच. ‘पाठपुरावा’ वाचलं की खाली नगरसेवकांचा हात जोडलेला फोटो दिसायला लागेल. ‘मागे लाग’च वाचतो, पुढच्या वेळी न अडखळता. काकी, त्या प्लंबरचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा. आमच्याकडे गळती खालच्यांना होते आहे, आणि वरचे आम्ही आहोत.