मदत हवी आहे : कमरेच्या हाडात गाठ, ऑपरेशन की शेक (रेडिएशन)? लवकर सांगा

थकलेला_बाबा : मुलीच्या कमरेच्या हाडात कॅन्सरची गाठ आहे. केमो चालू आहे. एक सर्जन म्हणतात काढू, दुसरे म्हणतात शेक देऊ. बुधवारी निर्णय कळवायचाय. कोणी केलंय का?

रानवारा : वय? कॅन्सरचा प्रकार कुठला, ईविंग की ऑस्टिओसार्कोमा? हाडाचा कुठला भाग? हे न सांगता विचारलंत तर अंदाजपंचे उत्तरं येतील.

बिनधास्त : माझ्या भाच्याला गुडघ्याजवळ होती. काढली, धातूचा सांधा बसवला, पोरगं सायकल चालवतं. काढून टाका सरळ!

रानवारा : गुडघा आणि खुबा एक नव्हे हो.

सुमनमावशी : कॅल्शियम चालू आहे ना? माझ्या सासूबाईंचा खुबा मोडला तेव्हा…

थकलेला_बाबा : मोडलेलं नाहीये! ९ वर्षांची आहे. ईविंग. केमोच्या ४ सायकल झाल्या. कमरेच्या पंख्यासारख्या हाडापासून खाली खुब्याच्या वाटीपर्यंत आहे म्हणे. रात्री भिंतीला हात लावत, लंगडी घालत बाथरूमला जाते. पाय राहील का, एवढंच सांगा.

चिमटा : (हाडांच्या कॅन्सर वॉर्डात ११ वर्षं नर्स) बहुतेकदा पाय ठेवूनच हाड काढतात. पायाची मोठी नस आणि रक्तवाहिन्या गाठीत अडकल्या असतील तरच पाय काढायचा विषय निघतो. सर्जन पी१, पी२ म्हणतात ना, त्यात पी१ म्हणजे पंखा, पी२ वाटी. नुसता पंखा गेला तर मुलं बरीच चालतात. वाटी गेली की अवघड. काढलेलं हाड शेक देऊन परत बसवतात, किंवा मांडीचं हाड वर सरकवून तसंच ठेवतात. पाय आखूड होतो. जखमेत जंतू होणं तर नेहमीचंच.

बिनधास्त : मग शेकच द्या की. ईविंगला लागू पडतो म्हणतात.

चिमटा : पडतो. ऑस्टिओसार्कोमा तेवढा दाद देत नाही. पण या वयात अंडाशय आणि वाढीची कूर्चा शेकात सापडते, आणि पुढे कित्येक वर्षांनी त्याच जागी दुसरा कॅन्सर होऊ शकतो. अंडाशय आधी बाजूला सरकवता येतात का, विचारा. काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ (कॅन्सर नसलेल्या) मिळाल्या नाहीत तर ऑपरेशन आणि शेक दोन्ही करावं लागतं. बायोप्सीची (तपासायला सुईने तुकडा काढला त्याची) खूण कुठे आहे?

थकलेला_बाबा : पुढे, जांघेत. दुसऱ्या डॉक्टरांनी ती बघून ओठ मुडपले. का?

चिमटा : सुई गेली ती वाटही गाठीसोबत काढायची असते. जांघेतून रक्तवाहिन्या जातात. म्हणून दोघांना एकत्र बसवा, ट्यूमर बोर्ड (सगळ्या डॉक्टरांची एकत्र बैठक) मागा. बुधवार चार दिवस पुढे गेला तरी चालतो का, तेही त्यांनाच विचारा.

थकलेला_बाबा : उद्या केमोनंतरचा एमआरआय आहे. फिल्म इथे टाकतो.

रानवारा : टाकू नका. तिचं नाव असतं त्यावर.