स्क्लेरोडर्मात हाताचं काम मोजायचं कसं? थीसिससाठी विचारतेय

ओटी_विद्यार्थिनी
नमस्कार मंडळी, मी ऑक्युपेशनल थेरपीच्या मास्टर्सला आहे, थीसिसला सिस्टेमिक स्क्लेरोसिस, म्हणजे स्क्लेरोडर्मा, ज्यात कातडी कडक होत जाते, त्यातले हात हा विषय घेतलाय. गाईड म्हणतात ग्रिपचं मशीन आहेच, ताकद मोज, सांधे किती वळतात ते बघ, झालं. पण ओपीडीत एक बाई आल्या होत्या, ग्रिप तशी बरी होती त्यांची, पण शर्टाचं वरचं बटण काही केल्या लागेना, बोटांची टोकं जुळतच नव्हती, शेवटी दोन्ही हातांच्या मधल्या पेरांत बटण पकडून लावलं. तेव्हापासून नुसत्या ताकदीवर माझा विश्वासच बसत नाहीये. कुठलं स्केल घेऊ? ज्यांना स्वतःला हा आजार आहे त्यांनी सांगितलं तर फार बरं होईल.

हातांची_थेरपिस्ट
बरोबर पकडलंयस तू. कोचीन हँड फंक्शन स्केल घे, 18 प्रश्न असतात, प्रत्येकाला 0 ते 5, एकूण 90, गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. मुळात संधिवातासाठी केलेलं आहे पण स्क्लेरोडर्मातही खूप वापरतात. त्यात पेशंट स्वतः सांगतो काय जमतं काय नाही. आणि जोडीला हॅमिस, ते खास याच आजारासाठी बनवलंय, 9 हालचाली, प्रत्येकी 0 ते 3, दोन्ही हात वेगवेगळे तपासायचे. एक मात्र कर, आजार किती वर्षांचा आहे ते लिहून घे, कारण कातडी पुढे पुढे मऊ होते पण वाकलेली बोटं तशीच राहतात, मग नुसता स्किन स्कोअर, म्हणजे कातडी किती कडक आहे त्याचे गुण, बघून हात सुधारला असं वाटतं.

गार_बोटं
मला अकरा वर्षं झाली या आजाराला. ते ग्रिपचं मशीन मला एकदा दिलं होतं, खोलीत एसी आणि हँडल लोखंडी गार, हातात घेतल्या घेतल्या तीन बोटं पांढरीफटक, मग मी काय दाबणार? पण आकडा लिहिला गेला आणि रिपोर्टमध्ये ताकद कमी म्हणून आलं. शिवाय तेव्हा तर्जनीच्या टोकाला जखम होती, मी सगळं अंगठा आणि मधल्या बोटाने करत होते, ते कोणी विचारलंच नाही हो.

संधिवात_डॉक्टर
ताईंचा मुद्दा थीसिसमध्ये यायलाच हवा. हात काम करत नाही यामागे रेनॉ, म्हणजे गारव्याने बोटं पांढरी पडणं, असेल, बोटावरची जखम असेल, कातडीखाली कॅल्शियमची गाठ असेल, सांधा आखडला असेल किंवा सुरुवातीच्या काळात नुसती सूज असेल, आणि स्कोअर मात्र सगळ्यांचा सारखा येऊ शकतो. त्यामुळे प्रत्येकाची ही माहिती वेगळी नोंदवा. तपासणीआधी पेशंटला उबदार खोलीत थोडा वेळ बसू द्या आणि सगळ्यांना तितकाच वेळ द्या.

ओटी_विद्यार्थिनी
खूप आभार सगळ्यांचे! हँडलला कापड गुंडाळलं तर चालेल का?

हातांची_थेरपिस्ट
नको, जाडी वाढली की पकड बदलते आणि मग आकडे इतरांशी जुळवता येत नाहीत. मशीनच आधीपासून उबदार खोलीत ठेव.

गार_बोटं
आणि हातात देण्याआधी एवढं विचार, आज कुठलं बोट दुखतंय.