मोतीबिंदूनंतर पाचव्या दिवशी आईचा डोळा लाल, नजर पुन्हा धूसर. सोमवारपर्यंत थांबू का?

लोकमान्यनगरची लेक (शनिवार, रात्री ९.१०)
आम्ही इंदूरचे. आई ७१ वर्षांची, जुना मधुमेह. सोमवारी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन लेन्स बसवली. मंगळवारी पट्टी काढली आणि पलंगावरूनच तिने कॅलेंडरवरची तारीख वाचून दाखवली. गुरुवारपर्यंत खूश होती. काल संध्याकाळी डोळा लालसर झाला, आज म्हणते, "दुधाळ दिसतंय गं." तारीख आता वाचता येत नाही. ठणका फारसा नाही. दवाखान्यात फोन केला तर म्हणाले थेंब चालू ठेवा, सोमवारी घेऊन या. आत्याबाई म्हणतात, डोक्यावरून पाणी घेतलं त्यामुळे असेल. काय करू?

सुनंदा_ग्वाल्हेर (९.२२)
घाबरू नका. माझ्या सासूबाईंचाही डोळा लाल झाला होता, आठवड्यात निवळला. लेन्सवर जाळं धरलं असेल, लेझरने जातं.

रामबागचा दादा (९.३१)
सुनंदाताई, राग मानू नका, पण जाळं धरायला महिने लागतात, पाच दिवसांत धरत नाही. आणि ताई, सोमवारची वाट पाहू नका, आत्ता निघा. आलेली नजर तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या आसपास उतरायला लागली, की डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झालाय असंच धरून चालायचं. नाही निघाला तर उत्तम.

ठणका नाही यावर विसंबू नका. या आजारावर अमेरिकेत मोठी चाचणी झाली होती, १९९५ साली प्रसिद्ध झाली. त्यात जवळजवळ चौथाई रुग्णांना दुखतच नव्हतं.

एक करा. आईला खिडकीकडे तोंड करून बसवू नका, खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च बाजूने धरा. डोळ्याला हात लावायचा नाही. बुबुळाच्या खालच्या कडेला पांढरी आडवी रेघ दिसते का बघा, ताकाच्या भांड्यात तळाशी साका बसतो तशी. तो पू असतो. रेघ दिसली नाही तरी जायचंच आहे, दिसली तर फोनवर तेच आधी सांगा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या बाबांच्या बाबतीत अनंत चतुर्दशी होती. झाक्या, म्हणजे चित्ररथ, निघालेले, जेलरोडला पाय ठेवायला जागा नाही. बाबा म्हणाले, गर्दी ओसरू दे, पहाटे जाऊ. मीही हो म्हटलं. संध्याकाळी ते माझी बोटं मोजत होते, पहाटे फक्त टॉर्चचा उजेड कुठून येतो एवढं सांगू शकले. डोळ्यातलं पाणी काढण्याची मोठी शस्त्रक्रिया झाली, डोळा राहिला. त्या डोळ्याने आज त्यांना हात हललेला कळतो, बस. ती रात्र मी अजून विसरलेलो नाही, म्हणून इतकं लांबलचक लिहितोय.

उपचार म्हणजे डोळ्याच्या आत इंजेक्शन. आधी आतल्या पाण्याचा नमुना घेतात, मग बहुधा व्हँकोमायसिन १ मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडीम २.२५ मिलिग्रॅम, प्रत्येकी ०.१ मिलिलीटरमध्ये. म्हणजे दोन थेंबांएवढं! पण तिथे पोचलं तरच काम होतं. त्याच चाचणीत शिरेतून दिलेल्या औषधाचा जादा फायदा दिसला नव्हता. नजर फक्त उजेडापुरती उरली असेल तर मात्र लगेच शस्त्रक्रिया बरी ठरली.

पडद्याचे डॉक्टर रात्री कुठे येतील ते फोनवर विचारा. कुणी उचललं नाही तर एम.वाय.ची, म्हणजे आपल्या मोठ्या सरकारी दवाखान्याची, कॅज्युअल्टी गाठा. डिस्चार्ज कार्ड, लेन्सचं स्टिकर, थेंबांच्या बाटल्या, साखरेचा आकडा बरोबर घ्या. शेवटचं कधी खाल्लं तेही विचारतील.

लोकमान्यनगरची लेक (९.४८)
दादा, रेघ आहे. बारीक, पण आहे. रिक्षा दारात आली.

रामबागचा दादा (९.४९)
निघा. "पाचवा दिवस, नजर उतरली, आत पू दिसतोय," हे तीन शब्दसमूह दारातच म्हणा.

सुनंदा_ग्वाल्हेर (१०.०५)
ताई, मी चुकीचं लिहिलं. जाऊन आल्यावर नक्की कळवा, मी जागी आहे.

लोकमान्यनगरची लेक (गुरुवार, दुपारी ४.१५)
उशिरा लिहितेय. त्या रात्री डोळ्याची सोनोग्राफी झाली, मग नमुना घेतला आणि पाऊण वाजता इंजेक्शन. आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडीचा वण उठला. सोमवारी दुसरं इंजेक्शन दिलं. नमुन्यात त्वचेवर राहणारा स्टॅफिलोकोकस निघाला, डॉक्टर म्हणाले औषधाला दबणारा आहे. साका काल दिसेनासा झाला. आज आईने दोन हात अंतरावरून माझी बोटं बरोबर मोजली. तारीख नाही वाचता आली, रविवारचा लाल रंग मात्र ओळखला.